शिल्लक ३१५ येन

सिंहगड रोडवरच्या जपानी बागेत
हिशेबाला बसलो अकराजणी.
डावीकडे येन, उजवीकडे रुपये,
मधली लाल रेघ माझी.

सहा वर्षं भिशी लावली, महिना दोन हजार.
फुलांच्या दिवसांत माणशी चाळीस जास्त,
म्हणाला ट्रॅव्हलवाला केतन,
म्हणून जानेवारीत गेलो,
झाडांचे खराटे बघायला.
"फुलं आहेत असं समजा," यमुना कुदळे म्हणाली.
समजलो. फोटोही काढले.

क्योतोच्या देवळात पांढऱ्या वाळूवर
बारीक रेघा ओढलेल्या.
लोक गप्प बसून पाहत होते.
झुबेदा पुटपुटली,
"आमच्या नणंदा अंगण झाडायच्या रोज,
त्याला कुणी तिकीट लावलं नाही."
आणि मग तीच अर्धा तास हलली नाही.

चहाचा समारंभ: अडीच हजार येन.
चिठ्ठ्या टाकल्या. दोघी आत,
बाकीच्या बाहेर, मशीनमधला गरम डबा
दोन्ही तळव्यांत धरून.
चारुशीला बाहेर येऊन म्हणाली,
"वाडगा दोनदा फिरवायचा असतो."
का?
"विचारायचं राहिलं. पाय आखडले होते."

जेवण: भाताचे त्रिकोण, आठवडाभर.
आत एक आंबट फळ निघालं
तेव्हा शाकुंतल ओरडली, "अगं, लोणचं!"
दुकानातला मुलगा कमरेत वाकला,
आम्हीही वाकलो,
तो पुन्हा वाकला,
रांग खोळंबली.

न्हाणीघर, ओसाका. माणशी पाचशे वीस.
इथे माझ्या वहीत खाडाखोड आहे.

हॉस्टेलचा गीझर बंद होता,
गल्लीच्या टोकाला बायकांची वेगळी न्हाणी,
सगळे कपडे काढून.
आम्ही टेलिफोन एक्स्चेंजच्या बायका,
तीस वर्षं कानाला हेडफोन,
खांद्याला खांदा.
एकमेकींची सर्दी आवाजातून आधी कळायची,
अंग कधी पाहिलं नव्हतं.
मी म्हटलं, मी बूट सांभाळते.
दहा तिकिटं लिहिली.

बाकावर बसून ऐकत राहिले.
आत हसणं, बादल्या, पुन्हा हसणं,
मग लाइन कट व्हावी तशी शांतता.
मग नलिनीचा आवाज:
"असू दे गं."
एवढंच.
पण मी तो आवाज तीस वर्षं ऐकलाय.
अकरावं तिकीट काढलं.

वाफेत बुटक्या स्टुलावर नलिनी भडभडे.
डावीकडे सपाट. काखेपर्यंत तिरकी शिवण.
पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणाली होती तेव्हा.
आम्ही आळीपाळीने डबे दिले होते,
बिनतेलाचे,
आणि तिने ते मुकाट खाल्ले होते.

कुणी काही बोललं नाही.
एक जपानी म्हातारी, ऐंशीच्या पुढची,
आपलं स्टूल सरकवत जवळ आली
आणि नलिनीची पाठ चोळू लागली,
दिवाळीच्या पहाटे चोळतात तशी,
खसाखसा, हक्काने.
निघताना तिच्या हातावर एक नाणं ठेवलं.

शिल्लक हवी तीनशे दहा.
आहे तीनशे पंधरा.
नाणी बँक घेत नाही, पुण्यात तर नाहीच.
पाच येनच्या त्या पितळी नाण्याला मध्ये भोक,
आईच्या डब्यातल्या भोकाच्या पैशासारखं.
केतन म्हणाला होता, तिकडे पाच येनला गो-एन म्हणतात,
आणि उच्चार तोच ठेवून दुसरा अर्थ होतो
ऋणानुबंध.
शब्दात ऋण आहे खरं,
पण ते जमेत धरायचं की खर्चात?

यमुनाने थर्मासमधला चहा ओतला.
नलिनीने स्टीलचा पेला दोनदा फिरवला,
का ते अजूनही कुणाला माहीत नाही,
आणि भोकातून डोळा लावून
तळ्यावरचा पूल पाहिला.
"दिसतो का?"
"अर्धा."
बाग बंद व्हायची शिट्टी झाली.

पाच येनचा फरक तसाच ठेवून
मी वही मिटली.